कोनिग्सबर्गची परिषद (१९३०) : एका विद्यार्थ्याचा निबंध आणि इतिवृत्ताची मर्यादा

विद्वत्परिषदांची इतिवृत्ते ही विद्येच्या इतिहासाची प्रथम दर्जाची साधने होत, असे मानण्याचा प्रघात आहे. कोणत्या दिवशी कोणी कोणता निबंध वाचला, त्यावर कोणी आक्षेप घेतला, अध्यक्षांनी समारोप कसा केला, हे सारे इतिवृत्तात क्रमवार मिळते. शिवाय ते समकालीन व छापील असल्यामुळे अभ्यासकाचा त्यावर सहज विश्वास बसतो. तथापि इतिवृत्त हे कार्यक्रमपत्रिकेच्या साच्यात घातलेले असते. ज्याला जितका वेळ मिळाला त्याच्या वाट्याला साधारणतः तितकी पाने येतात, आणि तो वेळ तर परिषद भरण्यापूर्वीच, वक्त्याच्या तत्कालीन लौकिकावरून ठरलेला असतो. ज्याला लौकिक अद्याप मिळावयाचा आहे अशा विद्यार्थ्याचे म्हणणे इतिवृत्तात कितपत उमटते, हा साधनचिकित्सेतील एक दुर्लक्षित प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारास १९३० च्या सप्टेंबरमध्ये पूर्व प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. व्हिएन्ना विद्यापीठाचा कुर्ट गोडेल हा चोवीस वर्षांचा तरुण आपल्या प्रबंधातील निष्कर्ष मांडण्यासाठी तेथे गेला होता. त्या तीन दिवसांत तो दोन प्रसंगी बोलला. पहिल्या प्रसंगी तो जे बोलला ते कार्यक्रमपत्रिकेत होते. दुसऱ्या प्रसंगी जे बोलला ते नव्हते. विसाव्या शतकातील तर्कशास्त्राच्या इतिहासाला वळण लागले ते या दुसऱ्या विधानाने. ते विधान त्या वेळी कोणी ऐकले, कोणाला समजले आणि त्याची नोंद कोठे राहिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. वादाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणिताच्या पायाविषयी शंका उपस्थित झाल्या होत्या. समुच्चयांच्या उपपत्तीत विरोधाभास आढळले. गणित तर्कशास्त्रातून निष्पन्न करून दाखविता येईल अशी ज्यांची धारणा होती, त्यांच्यापैकी व्हाइटहेड आणि रसेल यांनी १९१० ते १९१३ या काळात ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या त्रिखंडात्मक ग्रंथात हे कार्य तडीस नेण्याचा प्रयत्न केला. हॉलंडमधील ब्रौअर याने उलट दिशेने जाऊन, अनंत समुच्चयांच्या बाबतीत रूढ तर्कनियमच सरसकट लागू पडत नाहीत, अशी भूमिका घेतली. तिसरा पक्ष ग्योटिंगेन येथील डेव्हिड हिल्बर्टचा. गणिताची सर्व विधाने निश्चित चिन्हांत व निश्चित नियमांनी लिहावीत आणि या चिन्हव्यवस्थेतून परस्परविरोधी विधाने कधीही निघणार नाहीत, हे सांत व निःसंशय अशा रीतींनी सिद्ध करावे, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

हा वाद केवळ पुस्तकी राहिला नव्हता. १९२८ साली ‘माथेमाटिशे आनालेन’ या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादक मंडळातून ब्रौअरला दूर करण्यात आले, यावरून त्यातील कटुतेची कल्पना येते. त्याच वर्षी बोलोन्या येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत हिल्बर्टने आपल्या कार्यक्रमातील शिल्लक प्रश्नांची यादी मांडली. आणि त्याच वर्षी आकरमानच्या सहकार्याने लिहिलेल्या तर्कशास्त्रावरील छोट्या ग्रंथात एक नेमका प्रश्न विचारला. विधेयांच्या प्राथमिक तर्कशास्त्रात जी जी सूत्रे सर्वत्र सत्य ठरतात, ती सर्व मान्य नियमांनी सिद्धही करता येतात काय? यालाच या तर्कव्यवस्थेच्या पूर्णतेचा प्रश्न म्हणतात.

२. विद्यार्थी

कुर्ट गोडेलचा जन्म २८ एप्रिल १९०६ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील ब्र्यून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, येथे झाला. १९२४ मध्ये तो पदार्थविज्ञान शिकण्यासाठी व्हिएन्नास आला आणि लवकरच गणिताकडे वळला. प्राध्यापक हान्स हान याच्यामुळे त्याचा मोरिट्स श्लिकच्या भोवती जमणाऱ्या तत्त्वचिंतकांच्या मंडळात प्रवेश झाला. हेच पुढे ‘व्हिएन्ना मंडळ’ म्हणून प्रसिद्ध झाले. या मंडळाच्या बैठकींत गोडेल क्वचितच बोले. त्याची संमती वा असंमती मानेच्या किंचित हालचालीवरून ओळखावी लागे, अशी आठवण कार्ल मेंगरने नोंदविली आहे.

हिल्बर्ट आणि आकरमान यांनी विचारलेला पूर्णतेचा प्रश्न गोडेलने आपल्या प्रबंधासाठी घेतला आणि त्याचे होकारार्थी उत्तर सिद्ध केले. प्रबंध १९२९ च्या उन्हाळ्यात पुरा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचे वडील वारले होते. प्रबंधाला हान आणि फुर्टवेंग्लर या दोघा प्राध्यापकांची मान्यता मिळाली व ६ फेब्रुवारी १९३० रोजी त्याला डॉक्टरची पदवी प्रदान करण्यात आली. पदवी हाती असली तरी विद्यापीठात त्याला कोणतेही पद नव्हते; अध्यापनाचा अधिकार मिळण्यास १९३३ साल उजाडावे लागले. कोनिग्सबर्गला तो निघाला तो आपल्या गुरुजनांच्या मागोमाग जाणारा आणि प्रबंधाचा सारांश वाचावयास बोलावलेला एक विद्यार्थी म्हणूनच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रबंधाचा निष्कर्ष हिल्बर्टच्या कार्यक्रमाला अनुकूल होता. ज्येष्ठांनी प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्याने त्यांच्या अपेक्षेप्रमाणे उत्तर सिद्ध करावे, हा विद्याक्षेत्रातील सर्वांत सुखद प्रकार होय. अशा निबंधाचे परिषदेत स्वागत होणार याविषयी शंका नव्हती.

३. प्रवास आणि प्रवासापूर्वीची एक नोंद

परिषदेची औपचारिक योजना बर्लिनच्या अनुभववादी तत्त्वज्ञानसंस्थेने, व्हिएन्नाच्या एर्न्स्ट माख संस्थेच्या सहकार्याने केली होती. नेमक्या विज्ञानांच्या ज्ञानमीमांसेवरील ही दुसरी परिषद. पहिली १९२९ च्या सप्टेंबरमध्ये प्राग येथे झाली होती. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या संघाचे ९१ वे अधिवेशन आणि जर्मन पदार्थवैज्ञानिक व गणितज्ञ यांचे संमेलन त्याच सुमारास कोनिग्सबर्गला भरणार होते. त्यांना जोडून ५ ते ७ सप्टेंबर या तारखा ठरविण्यात आल्या.

प्रवासाचा बेत पक्का करण्यासाठी २६ ऑगस्ट १९३० रोजी व्हिएन्नातील ‘काफे राइश्सराट’ या उपाहारगृहात चौघे जण जमले. रुडॉल्फ कार्नाप, हर्बर्ट फाइगल, फ्रीड्रिख वाइसमान आणि गोडेल हे ते चौघे. कार्नाप नित्यनेमाने लघुलिपीत रोजनिशी लिहीत असे. त्या दिवशीच्या नोंदीत प्रवासाच्या बेताबरोबर त्याने गोडेलच्या एका शोधाचा उल्लेख केला आहे: ‘प्रिन्सिपिया’ची व्यवस्था अपूर्ण असल्याचा शोध, आणि सुसंगतीच्या सिद्धतेत येणारी अडचण. या शोधाचा हा सर्वांत जुना उपलब्ध लिखित पुरावा होय. तो आढळतो बोटीच्या व गाडीच्या वेळांची चर्चा करण्यासाठी झालेल्या भेटीच्या टिपणात.

हा शोध कसा लागला? गोडेलने उत्तरायुष्यात सांगितल्याप्रमाणे, त्या उन्हाळ्यात तो हिल्बर्टच्याच कार्यक्रमातील एक पायरी चढण्याच्या प्रयत्नात होता. वास्तव संख्यांच्या विश्लेषणाची सुसंगती ही पूर्णांकांच्या अंकगणिताच्या आधारे सिद्ध करावी, असा त्याचा विचार होता. त्या ओघात त्याला असे आढळले की, अंकगणितातील विधानांची सत्यता ही कल्पना अंकगणिताच्या भाषेत व्यक्तच करता येत नाही. सिद्धता ही कल्पना मात्र व्यक्त करता येते. तेव्हा सत्यता आणि सिद्धता या एकरूप असू शकत नाहीत. काही विधाने सत्य असूनही त्या व्यवस्थेत असिद्ध राहणारच. ज्या कार्यक्रमाला हातभार लावण्यासाठी काम आरंभिले, त्याच्याच मार्गातील अडथळा अशा रीतीने हाती लागला.

३ सप्टेंबर रोजी चौघांचा प्रवास सुरू झाला. रेल्वेने बाल्टिक किनाऱ्यावरील स्विनेम्युंडे बंदर आणि तेथून बोटीने कोनिग्सबर्ग, असा मार्ग होता. या समुद्रमार्गामागे राजकीय कारण होते. व्हर्सायच्या तहाने पोलंडला समुद्रापर्यंत जो पट्टा मिळाला, त्यामुळे पूर्व प्रशिया उर्वरित जर्मनीपासून भूमीने तुटला होता. परक्या हद्दीतून न जाता तेथे पोहोचता यावे म्हणून १९२० पासून स्विनेम्युंडेहून बोटींची नियमित व्यवस्था करण्यात आली होती. कांटचे गाव, १५४४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि हिल्बर्टची जन्मभूमी अशी ख्याती असलेल्या या नगरात विद्वानांना बोलावण्यात शास्त्रीय हेतूबरोबर या तुटलेल्या प्रदेशाशी संबंध राखण्याची भावनाही असणे स्वाभाविक होते.

४. परिषदेचे तीन दिवस

शुक्रवार, ५ सप्टेंबर हा दिवस गणिताच्या पायाविषयीच्या प्रमुख मतांच्या मांडणीसाठी राखून ठेवला होता. तर्काधिष्ठित पक्षाच्या वतीने कार्नाप, ब्रौअरच्या पक्षाच्या वतीने त्याचा शिष्य आरेंड हाइटिंग आणि हिल्बर्टच्या आकारवादी पक्षाच्या वतीने योहान (पुढे जॉन) फॉन नॉयमन यांची व्याख्याने झाली. व्हिटगेन्श्टाइनच्या दृष्टिकोणाविषयी वाइसमान बोलला. तीनही मुख्य व्याख्यानांचा सूर पूर्वीच्या भांडणांच्या मानाने संयमाचा होता. कार्नापला गोडेलच्या शोधाची वार्ता दहा दिवसांपूर्वीच कळली होती. परंतु त्याच्या छापील व्याख्यानात तिची छाया कोठेही दिसत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर रोजी दुपारी ३ वाजता गोडेलची पाळी आली. त्याला वीस मिनिटे देण्यात आली होती. प्राथमिक विधेय-तर्कशास्त्राच्या पूर्णतेचा आपला प्रमेय त्याने मांडला. व्हिएन्नातील भेटीत सांगितलेल्या नव्या शोधाला त्याने हा दिवस दिला नाही. याचे कारण समजणे अवघड नाही. पूर्णतेची सिद्धता पुरी लिहून झाली होती, परीक्षकांनी तपासली होती आणि ती ‘मोनाट्सहेफ्टे फ्यूर माथेमाटीक उंड फिजीक’ या नियतकालिकातून प्रसिद्ध व्हावयाची होती. नव्या शोधाचा निबंध अद्याप लिहून व्हावयाचा होता.

रविवार, ७ सप्टेंबर रोजी शुक्रवारच्या व्याख्यानांवर गोलमेज चर्चा झाली. अध्यक्षस्थानी हान होता. कार्नाप, हाइटिंग, फॉन नॉयमन, म्यून्स्टरचा हाइन्रिख शोल्ट्स आणि कोनिग्सबर्गचाच प्राध्यापक कुर्ट राइडेमाइस्टर यांनी तीत भाग घेतला. चर्चा संपत आली असता गोडेल बोलला. त्याचा मुद्दा दोन पायऱ्यांचा होता. प्रथम त्याने असे दाखविले की, एखादी व्यवस्था सुसंगत आहे एवढ्यावरून तीत सिद्ध होणारे विधान खरे असते असे ठरत नाही. एखादे विधान सत्य पण त्या व्यवस्थेत असिद्ध असेल, तर त्याचे विरोधी विधान गृहीतकांत मिळवूनही व्यवस्था सुसंगतच राहील, आणि तरीही तीत एक असत्य विधान सिद्ध ठरेल. दुसरी पायरी अशी की, ही केवळ कल्पित शक्यता नाही. रूढ गणिताची सुसंगती गृहीत धरल्यास, त्याच्या आकारिक व्यवस्थेत असिद्ध राहणारी परंतु आशयतः सत्य अशी विधाने उदाहरणादाखल देता येतात, आणि ती गोल्डबाखच्या अनुमानाच्या जातीची असतात. दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे ते अनुमान. म्हणजे असिद्ध राहणारे विधान एखाद्या दूरच्या अनंत समुच्चयाविषयीच असेल असे नाही. ते शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल अशा स्वरूपाचे असू शकते.

छापील वृत्तांतात या विधानावर स्वतंत्र चर्चा झाल्याची नोंद नाही. सभा संपली.

५. एक श्रोता

उपस्थितांपैकी एकाने मात्र विधानाचे महत्त्व तत्काळ जाणले. फॉन नॉयमनचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, आणि दोनच दिवसांपूर्वी त्याने हिल्बर्टच्या पक्षाचे प्रतिनिधित्व केले होते. गोडेलने पुढे हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाला सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, सभेनंतर फॉन नॉयमनने त्याला बाजूला घेऊन सिद्धतेविषयी बारकाईने विचारणा केली आणि असिद्ध विधान प्रत्यक्ष पूर्णांकांविषयीचे विधान म्हणून लिहिता येईल काय, असा प्रश्न केला. गोडेलने या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

त्यानंतरच्या घटनांच्या तारखा निश्चित आहेत. २३ ऑक्टोबर १९३० रोजी हानने गोडेलच्या निष्कर्षांचा संक्षेप व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. १७ नोव्हेंबरला संपूर्ण निबंध ‘मोनाट्सहेफ्टे’च्या संपादकांकडे पोहोचला. २० नोव्हेंबरला फॉन नॉयमनने गोडेलला पत्र लिहिले. कोनिग्सबर्गला ऐकलेल्या पद्धतीचा विचार करता करता त्याला एक पुढचा निष्कर्ष हाती लागला होता: अंकगणित ज्यात सामावते अशा सुसंगत व्यवस्थेची सुसंगती त्याच व्यवस्थेतील साधनांनी सिद्ध करता येत नाही. हा निष्कर्ष गोडेलच्या निबंधात आधीच समाविष्ट होता. ते समजताच फॉन नॉयमनने २९ नोव्हेंबरच्या पत्रात आपण या विषयावर काही प्रसिद्ध करणार नसल्याचे कळविले. अग्रमानाचा वाद सहज माजू शकला असता. तो माजला नाही, याचे श्रेय फॉन नॉयमनच्या वृत्तीला द्यावयास हवे, आणि तितकेच त्या तारखांनाही. अकादमीतील संक्षेप फॉन नॉयमनच्या पहिल्या पत्राच्या चार आठवडे आधीचा होता.

निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य युक्ती अशी की, व्यवस्थेतील प्रत्येक चिन्हाला, सूत्राला आणि सूत्रांच्या मालिकेला एकेक संख्या नेमून द्यावयाची. त्यायोगे ‘अमुक सूत्र सिद्ध करता येते’ हे विधान संख्यांविषयीचे विधान बनते आणि व्यवस्था स्वतःच्या सूत्रांविषयी बोलू शकते. मग स्वतः असिद्ध असल्याचे सांगणारे सूत्र रचता येते. ते सिद्ध झाले तर असत्य ठरेल. म्हणून व्यवस्था सुसंगत असेल तर ते असिद्ध राहते, आणि ते म्हणते तेच असल्यामुळे सत्यही असते.

६. साधनांची चिकित्सा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. केवळ परिषदेच्या अधिकृत कागदपत्रांवर अवलंबून राहणाऱ्या अभ्यासकाला यातील किती गोष्टी कळतील?

परिषदेनंतर हान्स राइखेनबाखने ‘डी नाटुरविसनशाफ्टन’ या साप्ताहिकात परिषदेचा आढावा प्रसिद्ध केला. तो संयोजकांपैकी एक होता व सभेला उपस्थित होता. त्या आढाव्यात गोडेलचे नावही नाही. त्याच साप्ताहिकात गोडेलच्या शनिवारच्या निबंधाचा संक्षेप आला. तो अर्थात पूर्णतेविषयीचा होता. ‘एर्केन्टनिस’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात, १९३१ मध्ये, व्याख्याने आणि रविवारच्या चर्चेचा संपादित वृत्तांत छापण्यात आला. वाइसमानचे व्याख्यान मात्र त्यात नाही. म्हणजे अधिकृत इतिवृत्तही परिषदेचे संपूर्ण प्रतिबिंब नव्हते.

या वृत्तांताला जोडून गोडेलची एक पुरवणी छापली आहे. ती संपादकांच्या विनंतीवरून नंतर लिहिलेली असून तीत असिद्ध विधानांच्या प्रमेयाबरोबर सुसंगतीविषयीचा दुसरा प्रमेयही सांगितला आहे. येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. वृत्तांत आणि पुरवणी एकाच ठिकाणी वाचली म्हणजे ७ सप्टेंबरच्या सभेतच दोन्ही प्रमेय जाहीर झाले अशी समजूत होते. वस्तुतः त्या दिवशी गोडेलने पहिल्याचा केवळ उच्चार केला होता. दुसरा प्रमेय त्यानंतरच्या आठवड्यांत सिद्ध झाला. कार्नापच्या २६ ऑगस्टच्या नोंदीत सुसंगतीच्या सिद्धतेतील ‘अडचणी’चा उल्लेख आहे हे खरे, परंतु अडचण जाणवणे आणि अशक्यता सिद्ध करणे यांत अंतर आहे.

हीच सावधगिरी दुसऱ्या एका लोकप्रिय चित्राच्या बाबतीत बाळगली पाहिजे. चर्चेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार, ८ सप्टेंबर रोजी, निसर्गशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात हिल्बर्टचे निसर्गज्ञान व तर्कशास्त्र या विषयावर व्याख्यान झाले. तो त्याच वर्षी निवृत्त झाला होता आणि त्याच्या जन्मनगरीने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले होते. मानवी बुद्धीला कायमचे अज्ञेय असे काही असते हे मत त्याने निक्षून नाकारले. या व्याख्यानातील चार मिनिटांचा भाग नभोवाणीवरून प्रक्षेपित झाला. त्याची ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळते आणि त्यातील अखेरची वाक्ये ग्योटिंगेन येथे त्याच्या समाधिशिळेवर कोरलेली आहेत. एका दिवशी शिष्यवयाच्या तरुणाने कार्यक्रमाचा पाया हलवावा आणि दुसऱ्या दिवशी वृद्ध आचार्याने त्याच नगरात विजयघोष करावा, हा योग नाट्यमय आहे यात संशय नाही. परंतु हे नाट्य उत्तरकालीन दृष्टीला दिसणारे आहे. त्या सोमवारी कोनिग्सबर्गमधील श्रोत्यांना त्यात काही विरोध जाणवला असेलच, असे गृहीत धरता येत नाही. हिल्बर्ट आणि गोडेल यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. हिल्बर्टच्या वर्तुळातील पाउल बर्नाइस याने १९३० च्या अखेरीस गोडेलशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि हिल्बर्ट व बर्नाइस यांच्या ग्रंथाच्या १९३९ च्या दुसऱ्या खंडात दुसऱ्या प्रमेयाची तपशीलवार सिद्धता प्रथम छापली गेली. संघर्षाच्या चित्रापेक्षा हा क्रम अधिक सत्य आहे, आणि विद्येच्या व्यवहाराला अधिक भूषणावहही आहे.

तेव्हा या घटनेची पुनर्रचना चार प्रकारच्या साधनांवरून करावी लागते. कार्नापची रोजनिशी शोधाचा काळ सांगते, ‘एर्केन्टनिस’चा वृत्तांत सभेतील शब्द सांगतो, अकादमीची व नियतकालिकाची नोंद निष्कर्ष केव्हा पूर्ण झाले ते सांगते, आणि फॉन नॉयमनची पत्रे ते शब्द कोणापर्यंत पोहोचले होते ते सांगतात. सभेनंतरच्या संभाषणाची हकीकत पुष्कळ वर्षांनी सांगितलेली असल्यामुळे एरवी तिला दुय्यम महत्त्व दिले असते; परंतु २० नोव्हेंबरच्या पत्राशी ती जुळते, म्हणून ती ग्राह्य ठरते. यांपैकी एकही साधन एकट्याने पुरेसे नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या कार्नापला देखील आपण काय लिहीत आहोत याचा पूर्ण बोध झालेला नव्हता. फेब्रुवारी १९३१ मधील नोंदीत हे काम समजण्यास कठीण असल्याचे तो स्वतःच म्हणतो. ऐकणे, नोंदविणे आणि समजणे या तीन क्रिया भिन्न असून त्या एकाच व्यक्तीच्या ठायी एकाच वेळी घडतील असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून दिसून येते.

७. उपसंहार

परिषद संपल्यानंतर एका आठवड्याने, १४ सप्टेंबर १९३० रोजी, जर्मनीत निवडणूक झाली आणि राष्ट्रीय समाजवादी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. ज्यांनी रविवारच्या चर्चेत भाग घेतला त्यांचे जग त्यानंतर फार काळ टिकले नाही. राइडेमाइस्टरला १९३३ मध्ये कोनिग्सबर्गच्या पदावरून दूर करण्यात आले. हान १९३४ मध्ये वारला. श्लिकची २२ जून १९३६ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या पायऱ्यांवर हत्या झाली. कार्नाप, फाइगल, फॉन नॉयमन हे अमेरिकेत गेले; गोडेलही १९४० मध्ये सैबेरियाच्या रेल्वेमार्गाने व पॅसिफिक महासागरातून प्रिन्स्टनला पोहोचला आणि १४ जानेवारी १९७८ रोजी तेथेच निवर्तला. कोनिग्सबर्गचा जुना भाग १९४४ च्या ऑगस्टमधील बाँबवर्षावात नष्ट झाला. १९४६ मध्ये नगराचे नाव कालिनिनग्राद झाले. स्विनेम्युंडे आज पोलंडमध्ये आहे.

नगर, विद्यापीठ आणि मंडळ यांची अशी वाताहत होऊनही ७ सप्टेंबरच्या त्या विधानाचा माग काढता येतो, तो कागद जपले गेले म्हणून. कार्नापचे दप्तर पिट्सबर्ग विद्यापीठात राहिले. गोडेलने आपले हिशेब, ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या आणि पत्रांचे मसुदे देखील टाकले नव्हते. १९८२ ते १९८४ या काळात जॉन डॉसन याने त्याच्या संग्रहाची सूची केली, आणि त्यानंतरच परिषदेतील घटनाक्रम स्पष्ट होऊ लागला. पन्नासहून अधिक वर्षे अभ्यासकांना मुख्यतः छापील साधनांवरच भिस्त ठेवावी लागली होती.

या उदाहरणावरून परिषदांविषयी दोन अनुमाने काढणे शक्य आहे. पहिले असे की, परिषदेत वाचलेला निबंध आणि परिषदेने घडविलेले कार्य ही एकच नव्हेत. पूर्णतेचा प्रमेय कोनिग्सबर्गला गेला नसता तरी छापला जाणारच होता. परंतु गोडेल आणि फॉन नॉयमन एका सभागृहात बसले नसते, तर दुसऱ्याचा प्रश्न पहिल्यापर्यंत त्या शरदात पोहोचला नसता. विद्यार्थ्याला बोटीचा व गाडीचा प्रवास करून दूरच्या नगरात पाठविण्याचे समर्थन वीस मिनिटांच्या वाचनात शोधल्यास ते अपुरेच वाटेल. दुसरे अनुमान इतिहासलेखकासाठी आहे. इतिवृत्तातील मौन हा काहीच घडले नसल्याचा पुरावा होत नाही. ज्यांना अधिक वेळ मिळाला नव्हता, जे चर्चेच्या अखेरीस बोलले, ज्यांचे नाव आढाव्यात आले नाही, त्यांच्या संबंधात तर रोजनिश्या, पत्रे आणि कार्यालयीन नोंदवह्या तपासल्याखेरीज कोणताही निर्णय देणे धाडसाचे ठरेल.